सॅग बरोबर आला, तरी गाडी मागून उसळते

साताऱ्याच्या एका रायडरचा प्रश्न आहे. गाडी सहाशे सीसीची, चार सिलिंडरची जपानी स्पोर्ट. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, २१ हजार किलोमीटर चाललेली. रायडरचं वजन जॅकेट, बूट, हेल्मेट धरून ९६ किलो. तक्रारी तीन. पसरणी घाटात वळणातून रेस देत बाहेर पडताना गाडी मागून बसते, डुलते आणि रस्त्याच्या बाहेरच्या कडेकडे पळते. वळणाआधीच्या रम्बलर पट्ट्यांवर ब्रेक लावला की सीटवरून उचलून फेकते. तिसरी तक्रार नवी: हायवेवर शंभरच्या पुढे हँडल हलकं थरथरतं. 'शॉक नरम झालाय' म्हणून एका गॅरेजनं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी रिंग, आवळून दिला. त्यानंतर सॅग, म्हणजे भारानं गाडीची मागची बाजू जितकी खाली बसते ते माप, रायडर बसल्यावर ३२ मिलिमीटर आला, सगळे सांगतात तेवढाच. तरी दणके बसतात म्हणून यांनी रीबाउंड (शॉक उघडताना त्याला धरणारा) आणि कॉम्प्रेशन (शॉक दबताना त्याला अडवणारा) दोन्ही स्क्रू खोलत नेले. आता विचारतात, नवा शॉक घेऊ का?

आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आहे, कारण तुम्ही आवळण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजमाप घेतलंत आणि रिकाम्या गाडीचाही सॅग लिहून ठेवलात. वीस वर्षांत माझ्याकडे आलेल्या शंभरातल्या पाच जणांनीही हे केलेलं नसतं. तुमचे आकडे असे: आवळण्याआधी रिकामी गाडी १२, तुम्ही बसल्यावर ४१. आवळल्यानंतर रिकामी ३, बसल्यावर ३२.

आता वजाबाकी करा. ४१ वजा १२ म्हणजे २९. ३२ वजा ३ म्हणजे २९.

प्रीलोडची रिंग एवढी फिरवून ही २९ जागची हलली नाही, आणि हलणारही नाही. तुमच्या अंगाचा जो भार मागच्या चाकावर येतो, तो स्प्रिंगला किती दाबतो, एवढंच ती सांगते. ते ठरतं स्प्रिंगच्या कडकपणावर. तो तारेच्या जाडीत, वेढ्यांच्या संख्येत आणि वेढ्याच्या व्यासात असतो. रिंग फिरवून तो बदलत नाही. रिंग आवळल्यावर स्प्रिंग फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी उभी राहते ती उंची वाढते. या गाड्यांत चाक साधारण दोन मिलिमीटर वर गेलं की शॉक एक मिलिमीटर दबतो. म्हणून रिंग साडेचार मिलिमीटर खाली गेली की मागची बाजू नऊ मिलिमीटर उचलली जाते. तुमच्या गाडीत नेमकं तेच झालंय: ४१ चे ३२, १२ चे ३. मागची बाजू वर आली, स्प्रिंग होती तेवढीच नरम राहिली.

'प्रीलोड वाढवला की शॉक कडक होतो' ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि तिला कारणही आहे. वर्षानुवर्षं आपण दोन बाजूंच्या शॉकअपच्या खाचाच फिरवत आलो. मागे बायको-मुलं बसणार, गॅस सिलिंडर बांधायचा, की खाच वर न्यायची. गाडी बसायची कमी झाली म्हणजे शॉकअप कडक झाला, असं नाव पडलं. २००४ साली होंडा युनिकॉर्न आली आणि मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉक, सर्वसामान्यांच्या हाती आला, पण तिथेही आपल्या हातात खाचाच होत्या. त्या गाड्यांना तेवढं पुरतं. स्पोर्ट गाडीवर ९६ किलोचा माणूस पसरणीत गाडी आडवी घालतो, तेव्हा ते पुरत नाही.

या वर्गातल्या गाड्यांसाठी रस्त्यावर मी बसल्यावरचा सॅग ३० ते ३५ आणि रिकामा ८ ते १२ धरतो. मागच्या चाकाची एकूण चाल मॉडेलनुसार १२० ते १५० मिलिमीटर असते, त्याचा साधारण पाव भाग. म्हणजे दोन सॅगमधला फरक चोवीसच्या आसपास यायला हवा. तुमचा २९ आहे. २९ भागिले २४ केलं की साधारण १.२ येतं. तुम्हाला आहे त्यापेक्षा पंधरा ते वीस टक्के कडक स्प्रिंग लागेल. स्प्रिंगवर आकडा छापलेला असतो, बहुतेक न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये. समजा ८५ असेल तर १०० ची घ्या. पाच-पाचच्या पायऱ्यांनी त्या मिळतात.

फरकच का बघायचा, याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार कामाचं आहे. सॅग मोजताना सर्वांत जास्त चूक होते ती पहिल्या मापात, चाक पूर्ण लोंबकळत असतानाच्या. पुष्कळ जण गाडी पॅडॉक स्टँडवर घेतात, चाक जमिनीवरून सुटलं की झालं असं समजतात. पण पॅडॉक स्टँड चिमट्याखाली, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मखाली, लागतो. गाडीचा भार तेव्हाही स्प्रिंगवरच असतो, म्हणून सस्पेन्शन पूर्ण उघडत नाही. मग रिकामा सॅग शून्याजवळ येतो आणि माणूस घाबरून रिंग ढिली करतो. गाडी फ्रेमवरून उचलायला हवी. नसेल तसा स्टँड, तर एकानं हँडल धरायचं, दुसऱ्यानं गाडी साइड स्टँडवर कलवून मागचं चाक हवेत आणायचं, तिसऱ्यानं ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेपर्यंत माप घ्यायचं. हे पहिलं माप चुकलं तर दोन्ही सॅग चुकतात, पण त्यांच्यातला फरक चुकत नाही, कारण त्या वजाबाकीत पहिलं माप उरतच नाही. म्हणून तुमच्या ३२ वर मी पैज लावणार नाही, २९ वर लावेन. पहिलं माप मात्र पुन्हा घ्या.

आणि प्रत्येक माप दोनदा. एकदा शेपटी खाली दाबून हळूच वर येऊ द्या, थांबेल तिथे वाचा. मग वर उचलून हळूच खाली येऊ द्या आणि वाचा. खरा आकडा दोन्हींच्या मधला. या दोन वाचनांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असणारच, सीलचं आणि बेअरिंगचं घर्षण असतं. पाचच्या वर गेलं तर लिंकेज, म्हणजे चिमटा आणि शॉक यांना जोडणारे सांधे, सुकलंय. आणि तसं असेल तर पुढचं काहीही करायच्या आधी ते उघडा.

हे मी वरवर सांगत नाही. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एका रेसच्या आठवड्यात मी एका गाडीमागे दोन दिवस घालवले होते. रायडर म्हणत होता, मागचं चाक जमिनीवर टिकत नाही. मी रीबाउंड दोन क्लिक इकडे, दोन तिकडे, प्रीलोड, टायरची हवा, सगळं करून पाहिलं. प्रत्येक बदलानंतर तो म्हणायचा, थोडं बरं वाटतंय, आणि घड्याळ म्हणायचं, काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी शॉक काढला, चिमटा हातानं वर-खाली केला, तर तो मधेच अडकत होता. लिंकेजचं एक नीडल बेअरिंग गंजून लाल झालं होतं, सुया वाटीत चिकटल्या होत्या. शॉक निर्दोष होता. त्या मुलाचे सरावाचे दोन दिवस माझ्यामुळे गेले, आणि ते मला आजही लागतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा शॉक आधी खाली उतरतो, चिमटा मोकळा हलवून बघितला जातो, मगच स्क्रूड्रायव्हर हातात.

तुमच्या गाडीला २१ हजार झालेत आणि ती साताऱ्यात राहते, म्हणजे कास-महाबळेश्वरच्या बाजूचा पाऊस तिनं बघितलाय. त्यात प्रेशर वॉशिंग. वॉशिंगवाला चिखल काढायला नेमकी चाकाच्या पुढच्या कोनाड्यात धार मारतो आणि तिथेच लिंकेज आहे. पाणी सीलच्या आत जातं, ग्रीस बाहेर येतं. कारखान्यातून आलेलं ग्रीसही जेमतेमच असतं. लिंकेजचे सगळे सांधे, चिमट्याचा मुख्य बोल्ट, शॉकचं वरचं आणि खालचं टोक, एवढं उघडून, धुऊन, बुशवर रेघा पडल्या असतील तर बदलून, पाण्यात टिकणारं ग्रीस भरून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं बसवा. टॉर्क रेंच नसलेल्या माणसाकडून हे काम करून घेऊ नका. चिमट्याचा बोल्ट जास्त आवळला तर बेअरिंगवर अवाजवी भार येतो आणि हालचाल पुन्हा जड होते.

त्याच वेळी चेन बघा. चिमटा वर-खाली होताना एका ठिकाणी पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तिथे चेन सगळ्यांत ताठ होते. स्टँडवर 'छान टाइट' केलेली चेन नेमक्या त्या जागी शॉकला अडवते. रायडरला ते स्प्रिंग कडक असल्यासारखं वाटतं. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा, आणि शंका असेल तर ढिलाईच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर जास्त.

टायरची हवा थंड असताना, स्वतःच्या गेजनं. या वर्गातल्या गाड्यांवर सहसा पुढे ३६, मागे ४२ पीएसआय लिहिलेलं असतं. चिमट्यावरच्या किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरवर बघा. पंपावरच्या गेजवर मी विसंबत नाही. चार पीएसआय कमी असले तरी 'मागून डुलते' ही तक्रार तेवढ्यानंच येऊ शकते.

आता तुमच्या तक्रारींकडे येऊ. रम्बलरवर उडते ती का? तुम्ही बसल्यावर मागची बाजू ३२ मिलिमीटर बसलेली आहे, पण त्यातले २९ तुमच्या अंगाचे आहेत. तुमचा भार मागच्या चाकावरून गेला की उरतात ३. आणि चांगला ब्रेक लावला की मागचा पन्नास-साठ किलो भार पुढच्या चाकावर जातोच, म्हणजे साधारण तुमच्या अंगाचा मागे पडणारा सगळा. म्हणजे ब्रेकखाली तुमचं मागचं सस्पेन्शन जवळजवळ पूर्ण उघडून वरच्या थांब्यावर टेकलेलं असतं. चाकाला खाली जायला जागाच नाही. पट्टी संपली, पुढे खोलगा आला, तर चाक त्यात उतरू शकत नाही, हवेत राहतं आणि पुढच्या पट्टीवर आदळतं. त्यावर तुम्ही रीबाउंड खोलून ठेवलाय, त्यामुळे दबलेली स्प्रिंग धरून ठेवणारं आत काही नाही. ती सुटते ती थेट तुमच्या सीटखाली. दणका बसला म्हणून तुम्ही रीबाउंड आणखी खोललात, दणका आणखी वाढला. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं, कारण सीटवर बसून नरम-कडक एवढंच कळतं, दिशा कळत नाही.

वळणातून बाहेर पडतानाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि मला वाटतं स्पोर्ट गाडीत सर्वांत सुंदर काही असेल तर तेच. रेस दिली की भार मागे जातो आणि स्प्रिंग दबते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी चेनची ओढ आणि टायरचा पुढे ढकलणारा जोर चिमट्याला उलट दिशेनं, म्हणजे गाडीचा मागचा भाग उचलण्याच्या दिशेनं काम करतात. चिमटा खीळीपासून ॲक्सलकडे खाली उतरता असतो म्हणून हे होतं. उतार जितका जास्त, तितकी उचल जास्त. बनवणाऱ्यांनी हे दोन जोर एकमेकांना बरेचसे झेलतील असा कोन साधलेला असतो. आता स्प्रिंग नरम असेल तर वळणात, जिथे कलल्यामुळे गाडीचा भार आणखी वाढतो, मागची बाजू खोल जाते. चिमटा आडवा होतो. उचल कमी होते. म्हणून गाडी आणखी बसते. मागून बसली की पुढची बाजू वर येते, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो, हँडल वळवूनही गाडी ऐकत नाही आणि बाहेर पळते. त्यात कॉम्प्रेशन आणि रीबाउंड दोन्ही उघडे असल्यानं ती एकदा बसून थांबत नाही, बसते-उठते-बसते. तुम्ही म्हणता ते डुलणं हेच.

जुन्या मालकानं पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान तर केलेलं नाही ना, तेही मोजा. पिकअपसाठी पुष्कळ जण करतात. त्यानं चेनच्या ओढीचा कोन बदलतो, आणि तुम्ही ज्याची कल्पनाही केली नाही तिथून वागणं बदलतं.

हँडलच्या थरथरीबद्दल तुम्हाला वाटतंय की प्रीलोड आवळला, मागची बाजू वर आली, म्हणून. अर्धं खरं आहे. या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही ॲक्सलमधलं अंतर, १४०० मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. मागची बाजू नऊ मिलिमीटर उचलली की अख्खी गाडी जवळजवळ ०.४ अंश पुढे झुकते. पुढच्या फोर्कच्या दांड्यांचा कोन २४ अंशांच्या आसपास असतो, तो तेवढा उभा होतो आणि ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) दोन-तीन मिलिमीटरनं घटते. हँडल चपळ आणि चंचल होतं. पण ३२ मिलिमीटर सॅग म्हणजे तर गाडी बनवणाऱ्यांनी धरलेल्या उंचीच्या जवळ येणं. त्या उंचीवर ती थरथरायला नको. म्हणून माझा संशय पुढच्या बाजूवर आहे. जुन्या मालकाची गाडी मागून बसलेली होती, वळत नव्हती, म्हणून त्यानं दांड्या क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची बाजू खाली आणली असावी. आता मागची बाजू वर आली आणि दोन्ही मिळून जास्त झालं. वरच्या क्लॅम्पच्या वर दांडी किती मिलिमीटर निघालीय ते मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. जास्त असेल तर मूळ जागी न्या. तो आकडा बरोबर निघाला, तर स्टिअरिंगचे बेअरिंग आणि पुढच्या टायरची झीज बघा. थरथर जाईपर्यंत हायवेवर वेग कमी ठेवा, यात कसलीही तडजोड करू नका.

टायरबद्दल तुम्ही विचारलंय की मागच्या टायरच्या कडेला रबर फाटल्यासारखं दिसतं, त्यावरून रीबाउंड ठरवता येतो का. ट्रॅकवर, स्लिक टायरवर, अनुभवी डोळ्याला थोडंफार. घाटातल्या रस्त्याच्या टायरवर मी त्यावरून काहीही ठरवत नाही. हवा आणि स्प्रिंग नीट करा, मग बघू.

शॉकच्या सर्व्हिसचं मात्र टाळू नका. २१ हजार किलोमीटर तेच तेल आत आहे. ते पातळ झालेलं असतं, त्यात झिजलेल्या धातूची बारीक भुकटी असते, आणि रस्त्यावरच्या वापराला मी साधारण पंधरा-वीस हजारांवर ते बदलायला सांगतो. थंड शॉक छान चालतो आणि घाटात वीस मिनिटं जोरात चालवल्यावर गाडी डुलायला लागते, असं होत असेल तर तेल दमलंय असं समजा. शॉकच्या दांडीवर तेलाचा ओघळ किंवा क्रोमवर टोचे आहेत का बघा. नख फिरवून अडकलं तर सील टिकणार नाही. शॉक स्वतः उघडू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो, तो सोडायची आणि परत भरायची साधनं असलेल्या माणसाकडेच द्या. दिल्यावर दोन गोष्टी सांगा: स्प्रिंग बदलायची आहे, आणि नवी स्प्रिंग वीस टक्के कडक आहे. कडक स्प्रिंग जास्त जोरानं परत येते, तिला धरायला रीबाउंडही वाढवावा लागतो, साधारण दहा टक्क्यांनी. एवढं तुमच्या मूळ शॉकच्या क्लिकमध्ये बसतं. स्प्रिंग आणखी कडक लागली असती तर आतल्या शिम (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या) बदलाव्या लागल्या असत्या. नव्या शॉकच्या किमतीच्या लहानशा भागात हे सगळं होतं, म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, नवा घेऊ नका.

स्प्रिंग येईपर्यंत काय? रिंग अर्धी परत सोडा. रिकामा सात-आठ, बसल्यावर छत्तीस-सदतीस. रीबाउंड आणि कॉम्प्रेशन मॅन्युअलमधल्या जागी आणा. मोजायची पद्धत एकच: घड्याळाच्या दिशेनं हलक्या हातानं पूर्ण बंद करा, आणि तिथून बाहेर क्लिक मोजा. क्लिक जाणवत नसतील अशा स्क्रूवर पाव-पाव फेरा मोजा. बंद करताना जोर लावू नका, आतली सुई तिच्या जागेवर रुतते आणि मग तो स्क्रू कायमचा खोटं बोलतो. घाटात या दिवसांत सावकाश.

नवी स्प्रिंग बसल्यावर सॅग पुन्हा मोजा. तुमचा फरक चोवीस-पंचविसावर आला की अर्धं काम झालं. मग क्लिक. इथे माझी पद्धत सांगतो. ती सोपी आहे, पण घाईनं होत नाही. ओळखीचा तीन-चार किलोमीटरचा तुकडा निवडा, पहाटेचा, वाहतूक नसलेला. पहिली फेरी टायर गरम करायला. मग एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, आणि लगेच वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कुठल्यामुळे काय झालं हे देवालाही सांगता येणार नाही.

रीबाउंडसाठी रम्बलर पट्टे हे आपल्या रस्त्यांनी दिलेलं फुकटचं यंत्र आहे. सरळ रस्त्यावरचे पट्टे शोधा, वेग चाळीसच्या आसपास एकसारखा ठेवा, ब्रेक नाही, रेस बदलायची नाही, अंग सैल. पहिली पट्टी मऊ लागली आणि पुढची प्रत्येक आधीपेक्षा कडक लागत गेली, तर रीबाउंड जास्त बंद आहे: एका धक्क्यातून शॉक उघडून येण्याआधीच दुसरा धक्का येतो, आणि गाडी पायरीपायरीनं खाली बसत जाते. दोन क्लिक खोला. उलट सगळ्या पट्ट्या सारख्याच लागल्या, पण शेवटची संपल्यावरही मागची बाजू एक-दोनदा हेलकावली, तर रीबाउंड कमी आहे. दोन क्लिक बंद करा. तुम्हाला हवी ती जागा या दोन्हींच्या मध्ये आहे आणि ती सहसा तीन-चार क्लिकइतकी रुंद असते. उभ्या गाडीवर शेपटी दाबून सोडायची चाचणीही करा. एकदा वर येऊन थांबली पाहिजे, वर जाऊन परत खाली यायला नको. पण ही चाचणी फक्त ढोबळ चूक दाखवते.

कॉम्प्रेशनला हात शेवटी. तुमच्या शॉकवर 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' असे दोन वेगळे स्क्रू असतील तर एक गोष्ट नीट समजून घ्या: तो वेग गाडीचा नाही, शॉकच्या दांडीचा आहे. दीडशेच्या वेगानं गुळगुळीत रस्त्यावर वळताना दांडी हळूच सरकते, तिथे लो स्पीड काम करतो. तीसच्या वेगानं खड्ड्याची उभी कड लागली की दांडी झटक्यात आत जाते, तिथे हाय स्पीड. म्हणून वळणातून बाहेर पडताना अजूनही बसत असेल तर लो स्पीड दोन क्लिक बंद, खड्ड्याची कड पाठीत लागत असेल तर हाय स्पीड थोडा उघडा. एकच स्क्रू असेल तर आपल्या रस्त्यांवर मी तो मूळ जागेपेक्षा एक-दोन क्लिक खुलाच ठेवतो. कडक स्प्रिंग आल्यानं बसण्याची काळजी ती घेते.

शॉकच्या दांडीवर एक बारीक केबल टाय बांधून ठेवा, सैलही नको आणि रुतेल इतका घट्टही नको. फेरीनंतर तो कुठपर्यंत सरकला ते बघितलं की सस्पेन्शननं किती चाल वापरली हे कळतं. वाईट खड्ड्यात कधीतरी रबराला टेकला तर चालेल. प्रत्येक फेरीत टेकत असेल तर स्प्रिंगचा हिशोब पुन्हा मांडू. निम्मी चालही वापरली जात नसेल तर आपण जास्त कडक झालोय.

तुमच्या मित्राची आरसी ३९० आहे आणि त्याला यातलं काय लागू, असंही विचारलंय. तिच्या शॉकला लिंकेज नाही, तो थेट चिमट्यावर बसतो, म्हणून लिंकेजच्या बेअरिंगचा भाग सोडा. दोन सॅग आणि त्यांची वजाबाकी मात्र तशीच्या तशी लागू. शॉकवर प्रीलोड सोडून दुसरं काही फिरवायला नसेल, तर वजाबाकी बघून स्प्रिंग ठरवणं आणि शॉकचं तेल वेळेवर बदलणं, एवढंच त्याच्या हातात आहे, आणि तेवढ्यानंही बराच फरक पडतो.

एक शेवटचं. शॉक उतरवाल तेव्हा स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि रंगाची खूण आधी वाचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. जुना मालक साठ किलोचा असेल आणि त्यानं मूळ स्प्रिंग काढून नरम टाकली असेल, तर तुम्हाला नवी विकत घ्यायचीही गरज नाही. मूळ स्प्रिंग त्याच्या माळ्यावर कुठेतरी पडलेली असेल. फोन करून विचारा. मग तो आकडा, नव्यानं घेतलेली तिन्ही मापं आणि क्लॅम्पवर निघालेल्या दांडीचं माप मला कळवा, पुढच्या चाकाचा सॅग आपण त्यावरून बसवू.